बावन्न आठवड्यांचे पुण्य

आमच्या धर्मग्रामात बदलापूरचा एक तरुण आहे. पहाटेची लोकल धरून तो मुंबईस कामाला जातो आणि रात्री नऊच्या पुढे घरी परततो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील हजारो माणसांचा दिवस असाच रुळांवर उगवतो आणि रुळांवरच मावळतो. तेव्हा त्यात नवल काही नाही. नवल हे, की या मुलाला टेनिसचे वेड आहे. आमच्या तिन्ही गावांत टेनिसचा चेंडू घराघरांत ठाऊक आहे, पण तो क्रिकेट खेळण्यासाठी! हा मुलगाही कधी टेनिस खेळलेला नाही. गाडीच्या गर्दीत उभा राहून तो मोबाइलवर जगभरच्या सामन्यांचे निकाल पाहतो. कोण कितव्या क्रमांकावर चढला आणि कोण घसरला, हे त्याला तोंडपाठ असते.

२०१९ च्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर तो आमच्यापाशी आला आणि म्हणाला, “फादर, टेनिसमध्ये गेल्या वर्षी ज्या आठवड्यात गुण मिळाले, त्याच आठवड्यात ते या वर्षी पुसले जातात. माणूस दुखापतीने घरी पडून राहिला, एकही सामना हरला नाही, तरी खाली घसरतो. हे न्यायाचे आहे का?”

आम्ही हसून म्हणालो, “अरे, खेळाचे नियम आहेत ते. ज्याला मान्य नसतील त्याने खेळू नये.”

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, “माझ्या नोकरीचेही तसेच आहे, फादर. ती कशी सोडू?”

एवढे बोलून तो गाडी पकडायला निघून गेला. आम्ही मात्र त्या प्रश्नापाशीच उभे राहिलो. नियमाचा आडोसा घेऊन दिलेले उत्तर हे उत्तर नव्हते, हे आमच्या ध्यानी आले. माणसाने कमावलेल्या पुण्याला मुदत असते काय? असावी काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम नियम समजून घेऊ. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसचा हंगाम जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या उन्हात सुरू होतो. वसंतात तो युरोपच्या लाल मातीवर जातो, जून-जुलैत इंग्लंडच्या हिरवळीवर, मग अमेरिकेच्या कठीण मैदानांवर, तेथून आशियात आणि अखेरीस पुन्हा युरोपातील बंदिस्त क्रीडागृहांत. नोव्हेंबरमध्ये वर्षातील अव्वल आठ खेळाडूंच्या स्पर्धेने त्याची सांगता होते. या अकरा महिन्यांत खेळाडू आठवड्यामागून आठवडा गावे बदलत असतो. प्रत्येक स्पर्धेला गुण ठरलेले आहेत. ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्यास २०००, त्याखालच्या स्पर्धांत १०००, ५०० व २५०, आणि त्याहून लहान, ‘चॅलेंजर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धांत आणखी कमी. या गुणांवरून क्रमवारी ठरते आणि क्रमवारीवरून पुढच्या स्पर्धेत प्रवेश मिळतो. पण प्रत्येक गुणाचे आयुष्य अवघे बावन्न आठवड्यांचे असते. त्रेपन्नाव्या सोमवारी तो हिशेबातून गळतो. म्हणून गतवर्षीच्या विजेत्याविषयी ‘त्याला एवढे गुण राखायचे आहेत’ असे बोलले जाते. जिंकलेले जिंकून ठेवता येत नाही. ते पुन्हा जिंकावे लागते.

त्यातच हा खेळ मुळात हरण्याचा आहे. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ जण उतरतात, १२७ सामने होतात आणि १२७ जण हरून घरी जातात. रॉजर फेडरर एकेरीचे १५२६ सामने खेळला व त्यांतील जवळजवळ ऐंशी टक्के जिंकला. परंतु सामन्यांतील एकेक गुण मोजले तर त्याने केवळ चोपन्न टक्के जिंकले होते, असे त्याने स्वतःच २०२४ मध्ये एका विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात सांगितले. या शतकातील सर्वोत्तमांपैकी एकाची ही गत, तर दोनशेव्या क्रमांकावरील माणसाची काय कथा!

आपल्या भूमीतील लोकांच्या समजुतीत पुण्य खर्चून संपते आणि ते संपले की माणूस स्वर्गातून खाली येतो. टेनिसच्या संगणकाने जणू हीच समजूत उचलली आणि पुण्य संपण्याची तारीखही छापून टाकली.

हा नियम निर्दय आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तो का आला हे पाहिले म्हणजे घाईने निवाडा करवत नाही. १९६८ पर्यंत मोठ्या स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी होत्या. पैसे घेऊन खेळणाऱ्यास त्यांत स्थान नव्हते. पुढे दार उघडले, तरी कोणास प्रवेश द्यायचा हे बरेचसे संयोजकांच्या आणि राष्ट्रीय संघटनांच्या मर्जीवर राहिले. ज्याचे नाव मोठे, त्यास आमंत्रण. नाव जुने झाले असले तरी चालत असे. १९७२ मध्ये व्यावसायिक खेळाडूंनी आपली संघटना स्थापिली आणि २३ ऑगस्ट १९७३ रोजी तिची पहिली क्रमवारी निघाली. रुमानियाचा इली नास्तासे तीत पहिला होता. मर्जीच्या जागी मोजमाप आले. वशिला, घराणे, देश, ओळखपाळख यांपैकी कशाचीही विचारपूस न करता संगणक एवढेच विचारू लागला, की गेल्या वर्षभरात तू काय केलेस?

म्हणजे क्रमवारीचा विसराळूपणा हा तिचा दोष नव्हे, तो तिचा न्याय आहे. जुने मोठेपण ती विसरते, म्हणून नव्याला जागा होते.

याचे एक उदाहरण आपल्या पुण्याशी जोडलेले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यातील चॅलेंजर स्पर्धा मोनॅकोच्या वालांतँ वाशेरो नावाच्या खेळाडूने जिंकली. फार थोड्यांनी त्याची दखल घेतली. पुढच्या वर्षी तो घसरत २०४ व्या क्रमांकावर आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये शांघायच्या मोठ्या स्पर्धेसाठी तो गेला, तेव्हा पात्रता फेरीतही त्याचे नाव राखीव यादीत होते. कोणी माघार घेतली तरच खेळायला मिळणार. त्याला खेळायला मिळाले. पात्रता फेरी पार करून त्याने उपान्त्य सामन्यात नोव्हाक जोकोविचला हरविले आणि अंतिम सामन्यात आपल्याच मावसभावंडांच्या नात्यातील आर्थर रिंडरक्नेशला हरवून विजेतेपद मिळविले. त्या श्रेणीच्या स्पर्धेत इतक्या खालच्या क्रमांकाचा विजेता पूर्वी कधी झाला नव्हता. त्या एका स्पर्धेत त्यास मिळालेली रक्कम त्याच्या तोवरच्या साऱ्या कारकिर्दीतील बक्षिसांहून अधिक होती. संगणक जुन्या नावांची भीड धरीत असता, तर हे दार त्यास कोणी उघडले असते?

पवित्र शास्त्राच्या वाचकास येथे यहेज्केल संदेष्ट्याचा अठरावा अध्याय आठवेल. बापाचे पाप मुलाच्या माथी नाही, बापाचे पुण्य मुलाच्या खाती नाही, असे तेथे बजावलेले आहे. इतकेच नव्हे, तर नीतिमान माणूस वाट सोडून गेला, तर त्याची आधीची नीतिमत्ता आठवली जाणार नाही, असेही तेथे सांगितले आहे. गुरुकुलात असताना या अध्यायाने आम्हांस अस्वस्थ केले होते. साऱ्या जन्माचे चांगुलपण एका पतनाने पुसले जावे? मग परमेश्वराची वही आणि टेनिसचा संगणक यांत अंतर ते काय? या प्रश्नाचे उत्तर पुढे येईल. तूर्तास वाचकांना आम्ही बालेवाडीस नेतो.

२०१८ साली चेन्नईची टेनिस स्पर्धा पुण्यास आली आणि ‘महाराष्ट्र’ हे नाव जागतिक हंगामाच्या दिनदर्शिकेत छापले गेले. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत ती भरत असे. त्या श्रेणीची दक्षिण आशियातील ती एकमेव स्पर्धा होती. मुलाने प्रश्न विचारल्यानंतरच्या फेब्रुवारीत, २०२० साली, त्याच्या आग्रहाखातर आम्ही तिन्ही गावांतील आठ-दहा तरुणांसह कर्जत, खोपोली, घाट असे करीत भाड्याच्या गाडीने बालेवाडी गाठली.

त्या आठवड्यात लिअँडर पेस तेथे दुहेरीत खेळत होता. त्याचे वडील, मूळचे गोव्याचे डॉ. व्हेस पेस, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचे कांस्यपदक मिळविणाऱ्या संघात होते. मुलाने १९९६ मध्ये अटलांटा येथे टेनिसचे कांस्यपदक मिळविले. ग्रँड स्लॅमची दुहेरी व मिश्र दुहेरी मिळून अठरा विजेतेपदे त्याच्या नावावर. १९९९ मध्ये दुहेरीत तो जगात पहिला होता. परंतु बालेवाडीस आला तेव्हा त्याचे वय ४६ होते आणि काही महिन्यांपूर्वीच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, तब्बल एकोणीस वर्षांनी तो पहिल्या शंभरांतून बाहेर पडला होता. संगणकाच्या लेखी तो शंभराच्या पलीकडचा कोणी एक खेळाडू होता.

प्रेक्षकांच्या लेखी तसे नव्हते. तो मैदानात येताच माणसे उठून उभी राहिली. आमच्या बाजूस एक वृद्ध गृहस्थ नातवाला अटलांटाची हकीकत सांगत होते. चोवीस वर्षांपूर्वीचा तो सामना त्या पोराच्या बापाच्याही बालपणीचा असेल. त्या सायंकाळी आमच्या ध्यानात आले, की मैदानावर दोन वह्या उघड्या आहेत. एक फलकावरची, ती बावन्न आठवड्यांची. दुसरी प्रेक्षकांच्या मनातली, तिला मुदत नाही. दोन्ही खऱ्या आहेत. आणि गंमत अशी, की दोघी एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करीत नाहीत. टाळ्या वाजल्या म्हणून पेसला कोणी एक गुण जादा दिला नाही; गुण कमी म्हणून कोणी टाळ्या कमी वाजविल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर मुले गात होती. आम्हांस मात्र एक बाई आठवत होत्या आणि त्यांच्या आठवणीने मान खाली जात होती.

या बाई शाळेत शिक्षिका होत्या, म्हणून त्यांना सारे ‘बाई’च म्हणत. आमच्या वस्तीस अद्याप चर्च नव्हते, शाळेच्या एका वर्गात मिस्सा होई, तेव्हापासून त्या गायन सांभाळीत. पेटी त्यांची, वह्या त्यांच्या, मुलांना घरी बोलावून चाली बसविण्याचा वेळही त्यांचाच. वीसबावीस वर्षे हे चालले. आम्ही या धर्मग्रामात आलो तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे गेले होते आणि वरच्या पट्टीत आवाज फाटत असे. गायनवृंदांची एक स्पर्धा जाहीर झाली. तरुणांनी नवा सिंथेसायझर आणला होता. आम्ही बाईंना बाजूस घेऊन म्हणालो, “बाई, आता तुम्ही थोडी विश्रांती घ्या.” त्या “बरे, फादर,” एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या रविवारपासून त्या शेवटच्या बाकावर बसू लागल्या. स्पर्धेत आमच्या वृंदास दुसरे बक्षीस मिळाले आणि ढाल आम्ही कचेरीत दिसेल अशी लावली. बाईंचे आभार मानायचे राहून गेले. राहून गेले म्हणतो. खरे तर सुचलेच नाही.

वृंदाची धुरा तरुणांकडे देणे चूक होते काय? आम्ही पुष्कळ विचार केला. चूक नव्हते. आवाज थकला होता, ही वस्तुस्थिती होती, आणि उपासनेत गायन चांगले व्हावे ही अपेक्षा रास्त होती. चूक दुसरीकडे होती. आम्ही एका वहीतील नोंद दुसऱ्या वहीत उतरविली. बाईंचे *स्थान* बदलले, तेव्हा त्यांचे *मोलही* बदलले, असे आम्ही न बोलता ठरवून टाकले.

बालेवाडीहून आल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. क्षमा मागितली. त्या चहा करीत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “फादर, मी पहिल्या बाकासाठी गात नव्हते. दुसऱ्या कोणी गायचे ते बरोबरच झाले. पण वीस वर्षे ज्या गळ्याने गायले, तो गळा आता कसा आहे, हे कोणी विचारले नाही. तेवढे लागले.”

आम्ही त्यांना पुन्हा वृंदात येऊन मुलांना शिकविण्याची विनंती केली. त्यांनी नकार दिला. “जागा भरली आहे, ती रिकामी करू नका,” म्हणाल्या. ईस्टरला काहीतरी करू, सर्वांसमक्ष त्यांचा सत्कार करू, असे आम्ही मनाशी योजिले. मार्चमध्ये टाळेबंदी आली. चर्चची दारे बंद झाली. पुढच्या वर्षी बाई गेल्या. अंत्यविधीस मोजकीच माणसे येऊ शकली. वृंदातील तिघे आले होते. तिघेही बाईंच्या घरी पेटीपाशी बसून गाणे शिकलेले. वाद्याविना ते गायले. सत्कार राहिला तो राहिलाच.

आता त्या मुलाच्या दुसऱ्या वाक्याकडे वळू. ‘माझ्या नोकरीचेही तसेच आहे,’ असे तो म्हणाला होता. तो ठेकेदारामार्फत कामाला आहे. ठरावीक महिने भरत आले, की त्यास काही दिवस घरी बसवितात आणि मग नव्या नेमणुकीने, नव्या क्रमांकाने पुन्हा घेतात. या प्रकारास कामगारांच्या भाषेत ‘ब्रेक’ म्हणतात. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या घरांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवसांचे काम भरले, की ती एक वर्षाची अखंड सेवा मानली जाई. म्हणून २४० दिवस भरूच नयेत, याची काळजी कित्येक ठिकाणी घेतली जात असे. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे. परंतु सेवा जमू न देण्याची वृत्ती एखाद्या कायद्याबरोबर जन्मत नाही आणि त्याच्याबरोबर मरतही नाही.

वरवर पाहता ब्रेक आणि बावन्न आठवडे सारखेच. दोन्हींत माणसाचे मागचे काम पुसले जाते. मग एकास न्याय्य म्हणावे व दुसऱ्यास अन्याय्य, हे कसे?

आम्हांस येथे एक कसोटी सापडते असे वाटते: *हा विसर दार उघडतो की लावतो?* क्रमवारी जुने गुण विसरते, ते २०४ व्या क्रमांकाच्या माणसासाठी दार उघडे राहावे म्हणून. ब्रेक जुने दिवस विसरतो, ते कामगारासाठी दार बंद राहावे म्हणून. पहिला विसर बलवानाचे मक्तेदारीपण मोडतो. दुसरा विसर दुर्बळाने जमविलेले हिरावून घेतो. कृती एकच, पण तिचे तोंड कोणत्या दिशेस आहे, यावर तिची नीती ठरते.

या कसोटीवर यहेज्केलचा अध्यायही उलगडतो. तेथे केवळ नीतिमानाचे पुण्य विसरले जाण्याची गोष्ट नाही. दुर्जन मागे फिरला, तर त्याची सारी पापे विसरली जातील, असेही त्याच अध्यायात आहे. आणि शेवट कोठे होतो? कोणाच्याही मरणात परमेश्वराला संतोष नाही, माणसाने वळावे आणि जगावे, एवढीच त्याची इच्छा आहे, येथे. परमेश्वराच्या विसरण्याचे तोंड जीवनाकडे आहे. काल पुण्य केले म्हणून आज निर्धास्त राहू नये आणि काल पाप केले म्हणून आज निराश होऊ नये, यासाठी तो विसर आहे. प्रायश्चित्ताच्या साक्रामेंतात आपण याच विसराचा अनुभव घेतो. पापाची वही पुसली जाते. पाप्याला मात्र नावाने हाक मारली जाते.

टेनिसच्या जगासही हे हळूहळू उमगले, ही आम्हांस मोठी बोधप्रद गोष्ट वाटते. दुखापतीने दीर्घकाळ बाहेर राहिलेल्या खेळाडूस परतताना काही स्पर्धांपुरता जुना क्रमांक वापरता यावा, अशी संरक्षित क्रमवारीची सोय त्यांनी केली. २०२० मध्ये महामारीने खेळ थांबला, तेव्हा क्रमवारीच गोठविली. जो खेळूच शकत नाही, त्याचे गुण कसे गाळावेत?

आणि पोटाचा प्रश्न? भारताचा सुमित नागल याचे उदाहरण घ्या. २०१९ च्या अमेरिकन स्पर्धेत त्याने फेडररविरुद्ध पहिला सेट जिंकला, तेव्हा देशभर त्याचे नाव झाले. पुढे नितंबाच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तो पाचशेच्याही खाली गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये, देशातील एकेरीचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू असताना, आपल्या बँकेच्या खात्यात सुमारे नऊशे युरो उरले आहेत, असे त्याने सांगितले. प्रवास, प्रशिक्षक, निवास यांत सारी कमाई जात होती. चार महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियात त्याने मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरविले. १९८९ मध्ये रमेश कृष्णनने मॅट्स विलँडरला हरविल्यानंतर एखाद्या भारतीयाने ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकितास हरविण्याचा तो पहिला प्रसंग. त्याच जुलैत तो ६८ व्या क्रमांकावर पोहोचला. २०२५ च्या जानेवारीत तेथेच पहिल्या फेरीत हरला, गतवर्षीचे गुण गळाले, आणि तो पहिल्या शंभरांतून बाहेर पडला.

या वर-खाली होणाऱ्या पाळण्यास क्रमवारी जबाबदार नाही. पण त्या पाळण्यात बसलेल्या माणसाने महिनाअखेर काय खावे, हा प्रश्न कोणाचा? २०२४ च्या हंगामापासून व्यावसायिकांच्या संघटनेने पहिल्या अडीचशे खेळाडूंना वर्षास किमान उत्पन्नाची हमी दिली: पहिल्या शंभरांस तीन लाख डॉलर, त्याखालच्यांस दीड लाख आणि १७६ ते २५० पर्यंतच्यांस पंचाहत्तर हजार. कमाई त्याहून कमी झाली, तर उणीव संघटना भरून काढते. रकमा आपल्या दृष्टीने मोठ्या आहेत आणि अडीचशेच्या पुढे अंधारच आहे, हे खरे. तरी तत्त्व पाहा. जगातील अतिशय निष्ठुर अशा स्पर्धेनेही मान्य केले, की माणसाची भाकरी केवळ त्याच्या गुणांवर टांगून ठेवता येत नाही.

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा धनी हेच करीत नव्हता काय? उल्हासनगरच्या किंवा बदलापूरच्या नाक्यावर सकाळी उभ्या असलेल्या मजुरांकडे पाहिले, म्हणजे तो दाखला कालचा वाटतो. कोणास सातला काम मिळते, कोणी अकरापर्यंत उभा असतो, कोणास मिळतच नाही. धन्याने सायंकाळी आलेल्यासही पूर्ण दिवसाची मजुरी दिली. पहिले मजूर कुरकुरले, कारण त्यांनी तासांची वही उघडली होती. धन्याने दुसरी वही उघडली होती: या माणसाच्या घरी किती तोंडे आहेत? धन्याने पहिल्यांचे काही कापले नाही, हे विसरू नये. कृपा न्यायाचे देणे बुडवीत नाही. ती त्याच्यावर भर घालते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये, लिओ तेरावे यांच्या १८९१ च्या कामगारविषयक परिपत्रकास नव्वद वर्षे झाली तेव्हा, श्रमाविषयी लिहिलेल्या परिपत्रकात हीच शिकवण मांडली आहे: श्रमाचे मोल प्रथम तो करणाऱ्या माणसावरून ठरते, त्याने काय उत्पादन केले यावरून नंतर.

आमच्या पट्ट्यातील माणसांना तर हे विशेष कळावे. उल्हासनगर वसले तेच मुळी सर्व गुण पुसले गेलेल्या माणसांचे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली, तेव्हा त्यांची घरे, पेढ्या, प्रतिष्ठा सारे मागे राहिले होते. १९४९ मध्ये वसाहतीस नदीवरून नाव मिळाले. विभागांना आजही कॅम्प एक, कॅम्प दोन असेच म्हणतात. शून्यापासून उभे राहणे म्हणजे काय, हे त्या गावाच्या भिंतींस ठाऊक आहे. शून्यावर आलेला माणूस शून्य नसतो, याचा याहून मोठा पुरावा आम्ही कोठे शोधावा?

आणि अंतिम पुरावा तर कालवारीवर आहे. प्रभूच्या शेजारी क्रुसावर असलेल्या चोराच्या खात्यात काहीच नव्हते. गुण राखण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने क्षमाही उघड मागितली नाही. आपली आठवण ठेवावी, एवढेच मागितले. प्रभू त्याचे खाते विसरला आणि त्याची आठवण ठेवली. न्यायाने विसरावे ते विसरून आणि प्रीतीने आठवावे ते आठवून त्याने स्वर्गाचे दार उघडले. आम्ही मात्र बहुधा उलटे करतो: खाते लक्षात ठेवतो आणि माणसाला विसरतो.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नास आज आम्ही असे उत्तर देऊ. बाबा, खेळात गुण पुसले जावेत, हे न्यायाचे आहे. कारण तेथे *स्थानाचा* प्रश्न आहे आणि स्थानावर कोणाचाही कायमचा हक्क नसतो. चर्चच्या वेदीपाशी उभ्या असलेल्या आमचाही नाही. आमचीही ठरावीक वर्षांनी बदली होते, नव्या धर्मग्रामात कोणी ओळखत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु तुझी भाकरी, तुझे नाव, तू भरलेले दिवस यांवर तो नियम लावणे अन्यायाचे आहे. आणि घरात, चर्चमध्ये, समाजात तो लावणे तर पापच आहे. बारावीच्या गुणांवरून मुलास, पगारावरून मुलीस, कारखाना बंद पडला म्हणून बापास आणि आवाज फाटला म्हणून बाईस आपण क्रमवारीत खाली ढकलतो, तेव्हा आपण खेळाचा नियम घराला लावीत असतो.

बालेवाडीची ती स्पर्धाही आता राहिलेली नाही. महामारीमुळे २०२१ चे वर्ष वगळता ती २०२३ पर्यंत भरली, मग दिनदर्शिकेतील आठवडा दुसरीकडे गेला. शहरांचेही पुण्य संपते म्हणायचे! पण खेळ थांबला नाही. पुण्याच्या अर्जुन कढे याने ऑक्टोबर २०२४ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, कझाकस्तानातील अल्माटी येथे ऋत्विक बोल्लीपल्लीच्या साथीने दुहेरीचे विजेतेपद मिळविले. त्या श्रेणीतील त्याचे ते पहिलेच.

तो बदलापूरचा मुलगा आजही रविवारी येतो. शांघायच्या अंतिम सामन्यानंतरच्या रविवारी तो धावतच आमच्यापाशी आला. “फादर, जिंकला तो! आपल्या पुण्यात जिंकला होता ना, तोच!” त्याचा आनंद पाहून आम्हांसही आनंद झाला. मग आम्ही विचारले, “आणि तुझ्या नोकरीचे?” तो म्हणाला, “परवाच पुन्हा घेतले, फादर. नंबर नवा मिळाला.”

नवा नंबर आम्ही विचारला नाही. त्याच्या आईची प्रकृती कशी आहे ते विचारले, त्यास नावाने हाक मारून. एवढे तरी बाईंकडून आम्ही शिकलो आहोत. वाचकांनीही येत्या रविवारी शेवटच्या बाकाकडे एकदा वळून पाहावे. तेथे कोण बसले आहे, कधीपासून, आणि त्यापूर्वी ते कोठे बसत होते?